ताजुद्दीन बाबा : कामठी ते ताजाबाद

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ताजुद्दीन बाबांचे नाव ऐकले नाही असे घर क्वचितच सापडेल. नागपूरला दवाखान्याच्या किंवा बाजाराच्या कामाने गेलेली माणसे सवड काढून ताजाबादला जाऊन येतात. सावनेरच्या रस्त्याने जाणारे वाकीला थांबतात. त्यांत मुसलमान असतात तसे हिंदूही असतात, आणि ह्यात काही विशेष आहे असे जुन्या माणसांना कधी वाटले नाही.

अलीकडे मात्र एक प्रश्न वारंवार कानावर येतो. दर्ग्यावर जाणे, अवलियांना मानणे हे इस्लामच्या मूळ शिकवणुकीत बसते का? आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतूनच यावर दोन मते आहेत. वडील उर्साला जातात, मुलगा पाच वेळची नमाज चुकवत नाही पण दर्ग्यावर पाऊल ठेवत नाही. दोघेही श्रद्धावान, दोघेही सरळ, आणि तरी त्या एका दिवशी घरात अबोला धरला जातो. हिंदू घरांतली तरुण मुलेही विचारतात की जे त्यांच्यातल्याच काहींना मान्य नाही तिथे आपण नारळ का न्यायचा?

म्हणून बाबांचे चरित्र आणि हा प्रश्न आम्ही एकत्र मांडत आहोत. निवाडा देणे आमचे काम नाही, तो अधिकार त्या धर्माच्या जाणकारांचा. त्या जाणकारांनी शतकानुशतके काय म्हटले आहे, ते नीट लावून ठेवणे एवढे आम्ही करू शकतो.

जन्म आणि बालपण

ताजुद्दीन बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीला झाला. कामठी म्हणजे इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली लष्करी छावणी, कन्हान नदीच्या काठी. ही कन्हान आपलीच. सातपुड्यातून निघून ती रामाकोन्याकडून खाली उतरते, आपल्या जाम नदीचे पाणी तिला मिळते, आणि पुढे वाकीवरून कामठीकडे जाते. बाबांच्या आयुष्यातली दोन मोठी गावे अशी आपल्याच पाण्याच्या वाटेवर आहेत.

घराणे सय्यदांचे. वडील बद्रुद्दीन सैन्यात सुभेदार होते, आईचे नाव मरियमबी. मूल जेमतेम वर्षाचे झाले असेल तोच वडील गेले. नवव्या वर्षाच्या सुमारास आईही गेली. पुढे आजी आणि मामा अब्दुल रहमान यांनी त्यांना वाढवले.

त्यांना कामठीच्या मदरशात घातले होते. तिथे अब्दुल्ला शाह नावाचे एक फकीर आले आणि या मुलाला शिकवायचे काही उरलेले नाही असे त्यांनी शिक्षकाला सांगितले, अशी आठवण सर्व चरित्रकार देतात. तरीही मुलाचे शिक्षण थांबले नाही. कुराण, अरबी, फारसी, उर्दू असे त्या काळच्या मुसलमान मुलाला मिळणारे शिक्षण त्यांना मिळाले. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की सुफी म्हणजे धर्माचे शिक्षण न घेतलेला माणूस, असा एक समज आहे. ताजुद्दीन बाबांची सुरुवात मदरशातूनच झाली.

पलटण आणि सागर

तरुणपणी कन्हानला मोठा पूर आला. त्यात कुटुंबाची चीजवस्तू वाहून गेली. घर चालवायचे तर नोकरी हवी, आणि कामठीत नोकरी म्हणजे पलटण. ताजुद्दीन सैन्यात भरती झाले. त्यांची पलटण पुढे सागरला गेली. सागर आज आपल्याच मध्य प्रदेशात आहे.

सागरला दाऊद मक्की नावाच्या चिश्ती परंपरेतल्या अवलियाची मजार आहे. दिवसभराची शिपाईगिरी संपली की ताजुद्दीन रात्री त्या मजारीवर जाऊन बसत आणि पहाटेपर्यंत ध्यानात राहत. कामठीला आजीच्या कानावर गेले की नातू रात्री कुठेतरी बाहेर असतो. पोरगा वाईट संगतीला लागला की काय, या काळजीने ती सागरला आली आणि रात्री त्याच्या मागे गेली. तो एका कबरीपाशी ईश्वरचिंतनात बसलेला पाहून ती परतली. पुढे त्यांनी नोकरी सोडली.

यानंतरचा काळ कुटुंबाला फार कठीण गेला असणार. कमावता मुलगा नोकरी टाकून घरी आला, तो कुणाशी धड बोलेना, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, खाण्यापिण्याची नाही. घरच्यांनी वैद्य-हकीम केले. कामठीच्या रस्त्यावर पोरे दगड मारीत. हळूहळू काही लोकांना वाटू लागले की हा वेडा नाही, काही वेगळेच आहे. बहुतेकांना मात्र तो वेडाच वाटत होता.

सुफी परंपरेत या अवस्थेला एक शब्द आहे, मजजूब. ईश्वराच्या ओढीने ज्याची बुद्धी झाकून गेली तो मजजूब. याच्या उलट सालिक, म्हणजे नियम पाळत, गुरूच्या हाताखाली एकेक पायरी चढणारा साधक. सुफींच्या ग्रंथांत मार्ग दाखवण्याचा अधिकार सालिकाकडे दिलेला आहे. मजजूबाचा आदर करावा, त्याचे अनुकरण करू नये, असे सुफी आचार्यच सांगतात. हा भेद लक्षात ठेवला तर पुढची बरीच गुंतागुंत सुटते.

सोळा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात

कामठी छावणीत एक प्रसंग घडला. युरोपियन स्त्रिया टेनिस खेळत होत्या तिथे ताजुद्दीन नग्नावस्थेत जाऊन उभे राहिले. छावणीत एवढा गहजब झाला की अधिकाऱ्यांनी त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. तारीख होती २६ ऑगस्ट १८९२. तेथून ते १९०८ मध्ये बाहेर आले. म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षापासून सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंतचा, माणसाच्या उमेदीचा सगळा काळ, त्यांनी तिथे काढला.

आत कोंडलेले असताना ते कामठीला दिसले, अशा कथा भक्त सांगतात. त्या मानाव्यात की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे खरे की वेड्यांचे इस्पितळ ही लोकांच्या जाण्याची जागा झाली. आपले दुखणे, आपली अडचण घेऊन माणसे त्या फाटकाशी येऊ लागली.

आम्हाला या सोळा वर्षांत एक गोष्ट विशेष वाटते. एकच माणूस, एकच अवस्था, पण तिची नोंद तीन खात्यांत झाली. इंग्रज सरकारच्या दप्तरात तो वेडा. भक्तांच्या मनात अवलिया. आणि इस्लामी शास्त्राच्या हिशेबात? तिथे एक स्पष्ट नियम आहे. लहान मूल, झोपलेला माणूस आणि बुद्धी हरवलेला माणूस यांच्यावर धर्माच्या कर्तव्यांचा बोजा नाही. अंग झाकणे हे इस्लाममध्ये बंधनकारक आहे, त्यामुळे टेनिसच्या मैदानावरचा प्रसंग शरियतच्या दृष्टीने चूकच. पण ज्याची शुद्ध हरपली त्याला त्या चुकीचा जाब विचारला जात नाही. म्हणजे त्यांना कडक मौलवीही पापी ठरवू शकत नाहीत, आणि त्यांचे उदाहरण दाखवून शुद्धीवरचा कोणी भक्तही नियम मोडू शकत नाही.

आपल्याकडे शेगावचे गजानन महाराज आठवावेत. १८७८ मध्ये ते प्रकट झाले तेव्हा तेही दिगंबर होते, लोकांनी त्यांनाही पिसा म्हटले. त्यांच्या भक्तांनी धर्म सोडला नाही, वाऱ्या केल्या, एकादशा केल्या. अवधूताला एक मोजमाप आणि संसारी माणसाला दुसरे, हे आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न जुना आहे

सुफी मार्ग आणि इस्लामची मुख्य शिकवण यांचा मेळ बसतो का, हा वाद नवा नाही. तो हजार वर्षांहून जुना आहे.

सुफी आपला आधार एका प्रसिद्ध हदीसमध्ये सांगतात. तिच्यात धर्माचे तीन थर आहेत. पहिला इस्लाम, म्हणजे आचरण. दुसरा ईमान, म्हणजे श्रद्धा. तिसरा एहसान, म्हणजे ईश्वर समोर दिसतो आहे अशा भावनेने केलेली उपासना. सुफी म्हणतात, आमचे सगळे शास्त्र या तिसऱ्या थराचे आहे. ही हदीस सर्व सुन्नी पंथांना मान्य आहे, त्यामुळे पाया धर्माबाहेरचा आहे असे म्हणता येत नाही.

वाद झाला तो त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीबद्दल. बगदादला मन्सूर अल्-हल्लाज यांना ९२२ मध्ये मृत्युदंड झाला. ईश्वरापासून आपण वेगळे उरलो नाही असे ते उघडपणे बोलत. त्याच शहरातले त्यांच्या आधीचे जुनैद बगदादी हे मात्र शुद्धीवर राहून, शरियत पाळून चालणाऱ्या सुफींचे आदर्श ठरले. पुढे इमाम गझाली, ज्यांचा मृत्यू ११११ मध्ये झाला, यांनी शरियत आणि सुफी साधना यांची सांगड घातली. गझाली हे स्वतः मोठे धर्मशास्त्री होते, म्हणून त्यांच्यानंतर सुफी मार्गाला मदरशांतही मान मिळाला.

विरोध तरीही राहिला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दमास्कसचे इब्न तैमिया यांनी कबरींच्या यात्रा आणि मृतांकडे मागणे यांवर कडक टीका केली. पण जुनैद आणि अब्दुल कादिर जिलानी यांच्याबद्दल ते आदरानेच लिहीत. आपल्या देशात सरहिंदचे शेख अहमद, काळ १५६४ ते १६२४, हे स्वतः नक्शबंदी सुफी, पण शरियतच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या सुफींना त्यांनी झोडपले. म्हणजे सुफींना सर्वांत कडक हिशेब विचारणाऱ्यांत सुफीही होते.

ताजुद्दीन बाबांच्याच हयातीत उत्तर भारतात दोन मोठे मतप्रवाह तयार झाले. १८६६ मध्ये देवबंदची शाळा सुरू झाली. दर्ग्यांवरच्या प्रथांना देवबंदचा विरोध, हे सर्वांना ठाऊक असते. तिचे संस्थापक स्वतः हाजी इमदादुल्लाह या चिश्ती साबिरी सुफींचे मुरीद होते, हे फारसे ठाऊक नसते. दुसरीकडे बरेलीचे अहमद रझा खान, काळ १८५६ ते १९२१, यांनी दर्गे, उर्स आणि अवलियांवरील श्रद्धा यांचे समर्थन केले. पण माणसापुढे किंवा कबरीपुढे सजदा करणे निषिद्ध आहे, यावर त्यांनीच स्वतंत्र पुस्तिका लिहिली. यांच्या पलीकडे अहले हदीससारखे पंथ आहेत, ते पीर-मुरीद ही व्यवस्थाच मान्य करीत नाहीत.

शक्करदरा आणि वाकी

१९०८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले राजे रघुजीराव भोसले यांनी स्वतः हमी देऊन बाबांना इस्पितळातून सोडवले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी अर्धशतकापूर्वीच खालसा केले होते. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूखही एकेकाळी त्याच राज्यात होता. राज्य गेले तरी लोकांच्या मनात राजे होतेच. एका हिंदू राजाने वेडा ठरवलेल्या मुसलमान फकिराला आपल्या घरी मानाने ठेवले, ही गोष्ट नागपूर प्रांतात दूरवर पोहोचली.

पुढे बाबा सावनेर भागातल्या वाकीला गेले. तिथले काशिनाथ पाटील यांनी त्यांची सोय केली. कन्हानच्या काठी, शेतांच्या मध्ये त्यांचा मुक्काम पडला. आपल्या भागाशी बाबांचा संबंध जवळचा झाला तो इथे. पुढे सौंसर, लोधीखेडा, सावनेर, पाटणसावंगी अशी जाणारी छोटी गाडी आपल्या लोकांच्या अंगवळणी पडली होती. तिने पाटणसावंगीला उतरले की वाकी जवळच.

वाकीला बाबांनी मोकळ्या जागांनाच नावे दिली. एक जागा शफाखाना, एक मदरसा, एक मशीद, एक परेडचे मैदान. आजारी माणूस आला की शफाखान्यात जाऊन राहा म्हणत. विद्यार्थी आला, परीक्षेची चिंता असली, की मदरशात. कुणाला मशिदीकडे पाठवीत. तिथे इमारत नव्हती, झाडाखालची जमीन होती. पण माणसे त्या नावाच्या जागी जाऊन बसत.

या नावांकडे जरा थांबून पाहावे. पलटणीतल्या शिपायाचे मैदान त्यात आहे, कामठीच्या मुलाचा मदरसा आहे, सोळा वर्षे पाहिलेले इस्पितळ आहे, आणि मशीद आहे. बुद्धी झाकली गेली म्हणावे तर त्या माणसाने आपल्या वस्तीत मशिदीची जागा सोडली नव्हती. उपासनेचे घर आणि दुखणाईताचे घर त्याने शेजारी शेजारी ठेवले. सुफी मार्ग धर्माला सोडून जातो की नाही, या प्रश्नावर वाकीची ही रचना आम्हाला बोलकी वाटते.

येणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. पुण्याचा तरुण मेरवान इराणी १९१५ मध्ये बाबांना भेटून गेला. हेच पुढे मेहेरबाबा म्हणून प्रसिद्ध झाले, आणि आपल्या पाच सद्गुरूंत त्यांनी ताजुद्दीन बाबांचे नाव घेतले. नात्याने बाबांचा नातू लागणारे मुहम्मद अझीम बरखिया हे नऊ वर्षे बाबांच्या सहवासात राहिले. तेच पुढे कराचीत कलंदर बाबा औलिया म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्याकडून अझीमिया ही सुफी शाखा सुरू झाली. बाबांचे नाव अशा रीतीने दोन वेगळ्या वाटांनी जगभर गेले.

अखेर

काही वर्षांनी बाबा पुन्हा शक्करदऱ्याला आले. नागपूरचे वातावरण तोवर बदलले होते. १९२३ मध्ये मशिदीपुढून वाजंत्री नेण्यावरून शहरात हिंदू-मुसलमानांत मोठा तंटा झाला होता. त्याच शहरात, भोसल्यांच्या वाड्यात, दोन्ही धर्मांची माणसे एका फकिरापुढे रांगेने उभी राहत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

१७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे देहावसान झाले. हिजरी सनाप्रमाणे तो मोहरमचा २६ वा दिवस. अंत्ययात्रेला हिंदू-मुसलमानांची अफाट गर्दी होती. उमरेड रस्त्यावर जिथे त्यांचे दफन झाले, ती जागा आज ताजाबाद म्हणून ओळखली जाते.

मग मेळ बसतो का?

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एक सवय लागते. एका आकड्यावर भांडण झाले की आधी खाती वेगळी करायची. इथेही चार गोष्टी एका नावाखाली मिसळल्या आहेत.

पहिली, मन शुद्ध करणे आणि ईश्वर समोर आहे असे समजून जगणे. याला इस्लामच्या कोणत्याही पंथाचा विरोध नाही, सुफी हा शब्द न आवडणाऱ्यांचाही नाही.

दुसरी, मजजूबाचे वागणे. ते नियमाबाहेरचे असू शकते, पण शास्त्र त्याला जाब विचारत नाही आणि सुफी त्याचे अनुकरण करू देत नाहीत. इथे दोन्ही बाजू जवळ येतात.

तिसरी, कबरीवर जाणे. मृत्यूची आठवण राहावी आणि गेलेल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून कबरीला भेट देणे बहुसंख्य आलिमांना मान्य आहे. त्यासाठी मुद्दाम प्रवास करावा की नाही, यावर मतभेद आहेत.

चौथी, अवलियाकडे मागणे, नवस बोलणे, माथा टेकणे. खरा वाद इथे आहे. अवलियाला मध्यस्थ मानून ईश्वराकडे मागावे असे एक मत, मागणे फक्त ईश्वराकडेच असे दुसरे. सजदा मात्र दोन्ही मतांना अमान्य आहे.

अशी खाती वेगळी केली की वडील आणि मुलगा यांच्यात वाटते तेवढे अंतर उरत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर ते एकमत आहेत. तिसऱ्यावर थोडा फरक आहे. चौथ्यावर मतभेद आहे आणि तो राहील. चारांपैकी एका गोष्टीवर मतभेद असणाऱ्यांनी एका ताटात जेवायला हरकत नसावी. मुलगा दर्ग्यावर जात नाही म्हणून तो बाबांचा अनादर करतो असे वडिलांनी समजू नये, आणि वडील जातात म्हणून ते धर्माबाहेर गेले असे मुलानेही समजू नये.

हिंदू कुटुंबांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. आपण तिथे पाहुणे आहोत. ज्या धर्मात एका ईश्वराशिवाय कुणापुढे मस्तक टेकत नाहीत, त्या धर्मातल्या संताच्या दारी आपण जातो. डोके झाकावे, हात जोडावेत, शांतपणे उभे राहावे. कबरीपुढे साष्टांग घातला नाही म्हणून आपली श्रद्धा कमी होत नाही, आणि ज्यांचे ते स्थान आहे त्यांचे मनही राखले जाते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच. उर्स मोहरमच्या २६ तारखेला येतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने तो इंग्रजी महिन्यांत दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षाची तारीख पाहून घ्यावी. २७ जानेवारीची जन्मतारीख तेवढी ठरलेली. गर्दी सोसत नसेल अशा वडीलधाऱ्यांना इतर दिवशी वाकीला न्यावे. नदीकाठी बसायला जागा आहे, आणि मुलांना शफाखाना, मदरसा, मशीद आणि परेडचे मैदान यांची गोष्ट तिथेच सांगता येते.